उंदीर चालतो, बांगडा चालत नाही

जालन्यात आम्हाला पहिलं धड छप्पर दिलं ते लिंबाजीमामांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे ते वाचून कुणालाही वाटेल, की ही बाई खाल्ल्या घरचे वासे मोजते आहे. तर हो, मोजते आहे. पण वासे मोजताना छप्पर कुणाचं होतं हे मी विसरलेली नाही.

छप्पर दिलं, आणि त्याच छपराखाली दोन साप दिले.

रानातून आलेले किंवा भिंतीतून निघालेले नव्हेत. पाळलेले. काचेच्या घरात, उबेला बल्ब लावून, नावानिशी पाळलेले. आता मला सांगा, लोक कुत्रं पाळतात, मांजर पाळतात, आमच्या गावात एकाने घार पाळली होती. पण साप? मी गुहागरच्या पलीकडची. आमच्याकडे दिवेलागणीनंतर त्याचं नावसुद्धा घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. आणि हे गृहस्थ रोज सकाळी उठून त्या लांबड्याला विचारायचे, “काय नारंगे, झोप लागली का बराबर?”

मी सातवीनंतर शाळा सोडली. हायस्कूल खाडीपलीकडे होतं आणि मला तरीत, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीत, बसायची भीती वाटायची. अशी मी. पण लग्न झालं, आमचे हे जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये क्रेनवर लागले, आणि जी खाडी ओलांडायला घाबरली तिने अख्खा महाराष्ट्र ओलांडला. पहिले तीन महिने मिलशेजारच्या पत्र्याच्या खोलीत काढले. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की मी भाकरी वर टाकली असती तर खाली चूल पेटवायला नको होती.

मग नवीन जालन्यात खोली शोधायला लागलो. दार उघडायचं, बाई आम्हाला वरून खाली बघायची आणि विचारायची, “कोकणातले? इतक्या लांब? काय करून आलात?” जणू आम्ही कुणाचं घर फोडून पळालो होतो. ओळख नाही, पाळख नाही, बोलणं वेगळं. सात घरांनी नाही म्हटलं. आठवं घर स्टेशनच्या मागच्या गल्लीत, लिंबाजीमामांचं. ते ओट्यावर बसून ज्वारी निवडत होते. उंच, वाळलेले, गळ्यात तुळशीची माळ, आणि शर्टाच्या खिशाला बियाणे कंपनीचं जुनं पेन. तीस वर्षं त्यांनी कंपनीचं गोदाम सांभाळलं होतं. निवृत्त होऊनही किल्ल्यांचा जुडगा कमरेलाच.

“मिलवाले का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“ऱ्हावा मंग.” एवढंच. ना कागद, ना कुणाची चिठ्ठी. मला रडूच आलं. मग म्हणाले, “ताई, भीत तर न्हाई ना?”

“कशाला?”

“तसं न्हाई. इचारून राह्यलो. आन् एक गोष्ट. घरात मासळी चालणार न्हाई. वास बी न्हाई.”

माझ्या पिशवीत आईने दिलेले सुके बांगडे होते, तीन कागदांत गुंडाळलेले. मी म्हटलं, “छे हो, आम्ही कुठे खातो!” छपरासाठी माणूस काय काय बोलतो. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

साप मला दुसऱ्या दिवशी दिसले. मामांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून काचेची दोन कपाटं होती. पूर्वी कंपनीच्या प्रदर्शनात त्यांत कणसं मांडायचे. आता आत लाकडाचा भुसा, वाळला कडुलिंबाचा पाला, एक उपडं खापर, आणि खापरातून बाहेर आलेली हातभर लांब, नारिंगी रंगाची, लाल ठिपक्यांची शेपटी. मी ओरडले नाही. ओरडायला आवाज लागतो.

“बिनविषारी हायेत,” मामा म्हणाले. “परदेशी माल. ही नारंगी, ती भुरी. पोट बघा पोट! मक्याच्या कणसावानी दाणे हायेत का न्हाई? इंग्रजीत मक्याचाच साप म्हनतात. आपल्याच लाइनीतला माल हाये हा.”

शेजारच्या रझियाभाभी भिंतीवरून बघत होत्या. त्या खो खो हसल्या. “अगं, गल्लीत त्याला हायब्रीड साप म्हणतात!”

ही जोडी मूळ कंपनीच्या मालकांच्या धाकट्या मुलाची. त्याने मुंबईहून हौसेने आणली, वर्षभर खेळवली, आणि अमेरिकेला शिकायला जाताना गोदामात येऊन मामांच्या स्वाधीन केली. “मामा, चार महिने सांभाळा. सुट्टीत येऊन नेतो.” सोबत एक इंग्रजी कागद दिला, कसं ठेवायचं, काय खायला द्यायचं त्याचा. मामांनी तो मेडिकलवाल्याकडून वाचून घेतला, मराठीत उतरवला आणि कपाटावर चिकटवला. चार महिन्यांची चार वर्षं झाली होती.

“चार वर्षं? आणि तुम्ही अजून सांभाळताय?”

“अमानत हाये ताई.” हा त्यांचा शब्द. कशालाही लावायचे. “गोदामात कुनी पोतं ठिवलं तर मी इचारतो का, कवा नेतो? ठिवलं म्हंजे ठिवलं.”

आणि सांभाळायचे ते गोदामासारखंच. प्रत्येक कपाटाला बियाण्याच्या पोत्याला असते तशी चिठ्ठी: लॉट नंबर एक, लॉट नंबर दोन. दोघांची घरं वेगळी, कारण ‘मोठी जनावरं एकएकटीच बरी ऱ्हातात’ असं कागदात होतं. आणि सगळ्यांत मोठा नियम, ओल नको. “ओल म्हंजे नास,” ते म्हणायचे. गोदामात ओल शिरली की बियाणं संपलं, तसं. सकाळी एक तास पाण्याचं घमेलं आत, की लगेच बाहेर. मग कोरड्या फडक्याने काच पुसायची, भुसा हलवायचा, पंखा लावायचा. घमेल्यातलं पाणी तुळशीला.

ते घमेलं बघून माझा जीव जळायचा. जालन्यात पाणी म्हणजे काय ते जालन्याला राहिलेल्यालाच कळेल. नळ दहा-बारा दिवसांनी यायचा. आला की गल्लीतली बाई न बाई हातातलं काम टाकून धावायची. एकदा रझियाभाभी एका हाताला ओली मेंदी लावलेली घेऊन धावल्या होत्या. मी ज्या गावची, तिथे विहिरीतून पाणी हाताने काढता यायचं पावसाळ्यात. इथे मी धुतलेल्या तांदळाचं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी अंगणाला, असं फिरवत होते. आणि सापाला घमेलं!

विजेचंही तेच. लोडशेडिंग झालं की आमच्या खोलीत मिट्ट काळोख, मी मेणबत्तीवर भाजी चिरतेय, आणि पलीकडे मामांनी कुठून तरी बॅटरी जोडून सापांचा बल्ब चालू ठेवलेला. रझियाभाभी भिंतीवरून हाणायच्याच, “काय गं, तुझ्या घरात अंधार आन् त्याहिच्या सापाला उजेड! क्या नसीब है, पुढच्या जन्मी सापच हो तू!”

मी काही बोलू शकत होते का? नाही. हेच तर दुःख. ज्या माणसाचे उपकार असतात त्याच्याशी भांडायची सोय राहत नाही. मी पोळपाटावर लाटणं आपटायचे, झालं. ह्यांना सांगितलं तर ते म्हणायचे, “हळू. पत्रा आठव.” पत्रा आठवला की मी गप्प.

नागपंचमीला तर गंमत झाली. गल्लीतल्या सात-आठ जणी लाह्या-दूध घेऊन दारात. मामा दरवाजा अडवून उभे. “दूध पाजलं तर मरंल ते! न्हाई जमायचं!” बायका चिडल्या. घरात नागोबा आहे आणि पूजा करू देत नाही म्हणजे काय! एकजण म्हणाली, “नास्तिक हाये मेला.” गळ्यात माळ घातलेला माणूस आणि नास्तिक! मामांनी अर्धा तास एकट्याने किल्ला लढवला. शेवटी बायकांनी बाहेरच्या पायरीची पूजा केली आणि गेल्या. दूध पायरीवर. ते मांजराने प्यायलं.

त्या पावसाळ्यात, एका दुपारी, माझा धीर सुटला. गावाची इतकी आठवण आली की मी खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं, आणि निखाऱ्यावर अर्धा बांगडा भाजला. अर्धाच. तो पलटायच्या आत दारावर टकटक. मामा. नाक वर. चेहरा असा, की मी घराला आग लावली असती तरी बरं झालं असतं.

“ताई,” त्यांनी दोन्ही हात जोडले, “पाया पडतो. भायेर.”

शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या. हात जोडणाऱ्या म्हाताऱ्याला काय करणार? बांगडे डब्यात घालून रझियाभाभींच्या गच्चीवर गेले. त्यानंतर आठवड्यातून एकदा मी माझ्या आईचा बांगडा परक्याच्या गच्चीवर, उन्हात, उभ्याने, चोरासारखी खायचे. भाभी म्हणायच्या, “बैठ तो जा.” मी म्हणायचे, नको, बसले तर रडेन.

इथपर्यंत मी सोसलं. पुढचं ऐका.

मामांचा एक फ्रिज होता, सापांच्याच खोलीत. एकदा आपणहून म्हणाले, “ताई, दूध नासून राह्यलं असंल तर ठिवत जा यात. फक्त वरच्या कप्प्याला हात लावू नका. बराबर?” मी म्हटलं, देवमाणूस. रोज दूध ठेवायला लागले. आणखी एक: दर आठवड्याला, गुरुवारी, ते दारात येऊन म्हणायचे, “ताई, तांब्याभर कोमट पाणी द्या.” मी म्हणायचे, “गुडघ्याला का मामा?” ते नुसतं हूं करायचे. मी माझ्या लग्नातल्या तांब्यात पाणी द्यायचे, वर चिमूटभर मीठ टाकून, शेकायला बरं म्हणून.

एका दुपारी आमचे हे क्रेनवरून उतरले ते तापाने फणफणत. कपाळावर ठेवायला बर्फ हवा होता. मामा बाहेर गेले होते, दार उघडंच. मी वरचा कप्पा उघडला. आत बियाण्यांची पाकिटं, ओळीने, थप्पी लावून. भेंडीचं चित्र, टोमॅटोचं, गवारीचं. मला वाटलं, कंपनीचा माणूस, बियाणं थंड ठेवत असेल. मागचा बर्फ काढायला एक भेंडीचं पाकीट उचललं तर ते जड. तोंड उघडं होतं. आतून घसरून माझ्या तळहातावर आला तो पांढरा उंदीर. गोठलेला. शेपूट नीट दुमडून पोटाशी घेतलेली.

या वेळी आवाज निघाला. स्टेशनपर्यंत गेला असेल. रझियाभाभी धावत आल्या, बघितलं, आणि खाली बसून हसायला लागल्या.

मामा परत आले तेव्हा मी फ्रिजसमोर उभी होते. उपकारबिपकार सगळं विसरले.

“मामा, हे काय?”

“उंदीर.”

“तो उंदीर आहे हे दिसतंय मला! माझ्या दुधाच्या वर?”

“वर हाये ना. खाली कवा आला का?”

“माझा बांगडा घरात चालत नाही, आणि उंदीर फ्रिजमध्ये चालतो?”

“बांगड्याला वास हाये, ताई. ह्याला वास न्हाई. बर्फात हाये.”

“तुम्ही माळकरी ना? अंड्याला शिवत नाही ना तुम्ही?”

“मी कुठं खाऊन राह्यलो?” मामा खरोखर दुखावले. “जनावराला जे लागतं ते द्यावं लागतं. ज्वारीवर ऱ्हात असती तर ज्वारी दिली असती की. चिमट्यानं देतो, तोंड तिकडं करून देतो, मंग आंघोळ करतो.”

“आणि उंदीर आणता कुठून?”

मग कळलं. मामांच्या गच्चीवरच्या ज्या पिंपाला मी पाण्याचं पिंप समजत होते, त्यात मामा पांढरे उंदीर वाढवत होते. तीस वर्षं ज्या माणसाने गोदामात उंदरांशी युद्ध केलं, ज्याला कंपनीत ‘उंदरांचा काळ’ म्हणायचे, तो म्हातारपणी उंदरांची बाळंतपणं करत होता. त्यांना निवडलेली ज्वारी घालत होता. पहिल्या दिवशी ओट्यावर बसून निवडत होते ती ज्वारी त्यांची नव्हती, उंदरांची होती.

अचानक माझ्या डोक्यात आणखी एक प्रकाश पडला. “मामा, ते कोमट पाणी. दर गुरुवारी.”

मामा भिंतीकडे बघायला लागले.

“माझ्या तांब्यात तुम्ही उंदीर गरम करत होता?”

“गरम न्हाई. नुसता सैल होईपर्यंत.”

“तुम्ही गुडघ्याला म्हणालात!”

“मी न्हाई म्हनलो. तुम्हीच म्हनल्या.” मग जरा थांबून, “मीठ मात्र टाकत जाऊ नका. नारंगी तोंड फिरवते.”

तो तांब्या मी चिंचेने, राखेने, पुन्हा चिंचेने घासला आणि त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आले. तो त्यांनी आनंदाने ठेवून घेतला. महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. आमचे हे बोलत होते, दोघांच्या वतीने.

पुढचा उन्हाळा फार वाईट आला. नळ कधी येईल हे कुणी सांगेचना. टँकर आला तर पाणी. एका रविवारी मी आईशी बोलायला एसटीडीच्या बूथवर गेले. गावच्या दुकानात फोन लावायचा, मग कुणी तरी धावत जाऊन आईला आणायचं. आत काचेच्या खोलीत मामा होते. ते दर रविवारी ‘साहेबाला रिपोर्ट द्यायला’ येतात हे मला ठाऊक होतं. कान लावायची गरजच नव्हती, मामा अमेरिकेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होते.

“साहेब, लिंबाजी बोलून राह्यलो. रिपोर्ट. लॉट दोन, भुरी, गुरुवारी एक खाल्ला, तब्येत बराबर. लॉट एक, नारंगी, दोन हप्ते झाले, खात न्हाई. डोळ्यावर साय आली, कात सुटून न्हाई राह्यली. काय करू, कळवा. ठिवतो.”

ते घाम पुसत निघून गेले, मी दिसलेही नाही त्यांना. बूथवाला मला म्हणाला, “तिकडं कोणी उचलत न्हाई ताई. मशीन लागतंय. पीं वाजतं, मंग मामा बोलतात. मी सांगितलं त्याहिला, मशीन हाये. ते म्हनले, असू दे, मशीन तर साहेबाचंच हाये ना.”

मी आईशी काय बोलले ते मला आठवत नाही.

घरी येऊन, महिन्याभरात पहिल्यांदा, मी मामांच्या खोलीत गेले. नारंगी खापराबाहेर पडली होती. अंग राखाडी, मळकट, जुन्या पिशवीसारखं. मानेपाशी कात फाटून चिकटलेली. डोळे निळसर पांढरे, आंधळ्या माणसासारखे. ती काचेवर तोंड घासत होती. पुन्हा पुन्हा, एकाच जागी. मामा खाली मांडी घालून बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “शेपटीकडं आवळून राह्यलं. रक्त जात न्हाई तिकडं. डोळ्यावरचं न्हाई निघालं तर आंधळी होईल. कागदात याचं काई न्हाई. मी तर ओल बिलकुल लागू दिली न्हाई, ताई. एक थेंब न्हाई.”

आणि मला कळलं. हसू पण आलं आणि रागही. या माणसाने सापाला बियाण्यासारखं ठेवलं होतं. चार वर्षं पावसाळ्यांनी निभावलं असेल. पण त्या उन्हाळ्यात, वर पंखा, खाली वाळला पाला, आत बल्ब. बियाणं टिकलं असतं, जनावर कसं टिकणार? आमच्याकडे लांबडं कात टाकतं ते चिऱ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, शेवाळ्यात, पाणी झिरपतं तिथे. लहानपणी अख्खीच्या अख्खी कात सापडायची आम्हाला, डोळ्यांच्या झाकण्यांसकट. कोरड्या कातळावर सापडायची ती तुकडे तुकडे.

“मामा, ओलच पाहिजे तिला.”

“ओल म्हंजे नास.”

“बियाण्याचा! हे बियाणं आहे का? हे काय पेरणार आहात तुम्ही?”

मी सातवी पास, ते तीस वर्षांचे गोदामवाले. पण त्यांनी ऐकलं. उठले आणि अंगणातल्या पिंपाकडे गेले, पाणी काढायला. मी मागे गेले. पिंप तळाशी कोरडं. दुसरं पिंप, तेही. एक घागर होती, तीत वीतभर.

“तुमचं पाणी कुठे?”

“हे काय.”

“हे तर घमेल्याचं. तुमचं?”

त्यांनी घागरीवर झाकण ठेवलं. तेव्हा मी नीट पाहिलं. ओठ फुटलेले, धोतर कितव्या दिवसाचं कुणास ठाऊक. टँकरचं आपल्या वाट्याचं पाणी माणूस सापांना, उंदरांना आणि तुळशीला वाटत होता आणि उरलं तर पीत होता. आणि मी वर्षभर त्या घमेल्यावर जळत होते. मला आमचंच पाणी सापाला जातंय असं वाटायचं. त्यातला थेंब आमचा नव्हता.

मी घरी गेले आणि आमचा पिण्याचा माठ उचलून आणला. अर्धा भरलेला. त्यातलं तांब्याभर आधी मामांना पाजलं, दटावून. बाकी पातेल्यात काढलं, जुनं गोणपाट भिजवून पिळलं, माठात अंथरलं. “आता थंड, अंधारी जागा कुठे आहे?”

मामांनी कमरेचा जुडगा काढला. मागची एक खोली कायम कुलपात असायची. मला वाटायचं, अडगळ. ते स्वयंपाकघर होतं. फळीवर पितळी डबे चकचकीत, चूल सारवलेली, कोपऱ्यात देव्हारा, देवांना ताजं फूल. आणि खिळ्याला अडकवलेली बाईमाणसाची शाल.

“ही मामींची खोली?” मामी लेकीकडे परभणीला आहेत एवढं मला माहीत होतं. बाळंतपणाला गेल्या असतील असं धरून चालले होते.

“पाच वर्षं झाली,” मामा म्हणाले. “जनावरं घरात आली त्याच महिन्यात गेली. म्हनली, एक तर ती ऱ्हातील न्हाईतर मी. मी म्हनलो, तुला लेकीचं घर हाये. ह्याहिला कोन हाये?” ते देव्हाऱ्याकडे बघत होते. “रागात बोललो. आन् मंग साहेबाचा एकदा फोन आल्ता. म्हनला, मामा, मी काई येत न्हाई आता, सोडून द्या कुठं वावरात. वावरात! ही वावरात एक दिवस जगंल का? अन् लोक जगू देतील?”

“मग अजून रिपोर्ट कशाला देता?”

“ज्यानं ठिवलं तो इसरला म्हून अमानत संपती का?”

मग तेच म्हणाले, हळूच, “तुमच्या मासळीचा मला राग न्हाई, ताई. तिच्या देवाला वास चालत न्हाई. कवा तरी येईल ती. आली आन् दारात वास आला, तर पायरीवरूनच माघारी जाईल.”

आता मला सांगा, या माणसावर रागवायचं तरी कसं? उंदीर फ्रिजमध्ये ठेवणारा आणि वास येईल म्हणून पाच वर्षं देव्हाऱ्याची खोली कुलपात जपणारा माणूस एकच. रागाला पाय ठेवायला जागाच ठेवत नाही मेला.

नारंगीला माठात कुणी घालायचं? मामा माठातलं गोणपाटच नीट करत राहिले. मी डोळे मिटले आणि उचललं. गार असेल, चिकट असेल वाटलं होतं. तसं काही नव्हतं. कोरडी, हलकी, आणि माझ्या मनगटाला तिने असा वेढा दिला, जसं गर्दीत लहान मूल पदर धरतं. ‘लांबडं’ म्हणायचं मी तिथेच विसरले. माठावर भोकाचं झाकण ठेवलं, दगड ठेवला, आणि आम्ही दोघं देव्हाऱ्यासमोर बसून राहिलो. मामा दर पाच मिनिटांनी विचारायचे, “नासनार तर न्हाई ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं. गोणपाटात अख्खी कात पडली होती, मोज्यासारखी उलटी, डोळ्यांच्या झाकण्यांसकट. आणि नारंगी बाहेर डोकावली, इतकी नारिंगी, की जणू आताच रंगवली. काळेभोर डोळे. मामांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकदम म्हणाले, “चहा ठिवतो.” त्या चुलीवर. पाच वर्षांनी पेटली म्हणाले. पाणी अर्थात माझंच.

त्या रविवारचा रिपोर्ट मी बाहेर उभी राहून ऐकला. “लॉट एक, कात सुटली, अख्खी. कोकणच्या ताईनं सोडवली. ताईला जनावराचं भय वाटत न्हाई.” हे साफ खोटं होतं, पण मशीनला काय कळणार.

पुढे आम्हाला मिलच्या क्वार्टरमध्ये जागा मिळाली. मामी अजून आलेल्या नाहीत. मी सणावाराला मामांकडे जाते. जाताना बांगडा खाल्लेला नसतो. मागच्या खेपेला ते भुरीला पाणी देत होते. आता दोघींच्या घरात ओलं गोणपाट भरलेला माठ असतो, कागदावर तसं लिहिलंही आहे. मध्येच म्हणाले, “पंधरा-वीस वर्षं जगतात म्हनं. माझ्यात तेवढी न्हाईत, ताई. माझ्यामागं ह्याहिचं कोन?”

तेव्हा मी काही बोलले नाही. धीर झाला नाही. तरीत बसायचाही झाला नव्हता. पण इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. मामा, सात घरांनी नाही म्हटलं तेव्हा तुम्ही ‘ऱ्हावा मंग’ म्हणालात. वेळ आली की मीही तेवढंच म्हणेन, नारंगीला आणि भुरीला. बल्ब लावीन, घमेलं भरीन, रविवारी त्या मशीनला रिपोर्टसुद्धा देईन. उंदीर फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवीन, थप्पी लावून.

पण खालच्या कप्प्यात माझा बांगडा असेल. ते आत्ताच सांगून ठेवते.